दिगूचे हसू आणि कोट किराण्याचा हजेरीपट

कॉलेजात असताना एका फिल्म सोसायटीच्या पडद्यावर मी 'सिंहासन' पाहिला. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' (1972) आणि 'सिंहासन' (1977) या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला, तेंडुलकरांच्या पटकथेचा, जब्बार पटेलांचा 1979 चा चित्रपट. त्याच्या शेवटी पत्रकार दिगू टिपणीस भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. निळू फुल्यांचे ते हसू ज्याने ऐकले तो ते विसरणे कठीण. त्या रात्री आम्ही मित्र चहाच्या गाड्यावर बराच वेळ गप्प उभे होतो.

पुढे वर्गात मराठी शिकवताना मात्र एक शंका मनात घर करून राहिली. भ्रष्टाचारावरच्या आपल्या चांगल्या लेखनाला सारे काही ठाऊक असते. मंत्र्याच्या दालनात काय शिजते, कोणाची फाईल कोठे अडते, कोण कोणाला विकला गेला, हे सारे ते अचूक सांगते. पण ज्याच्या पैशावर हा खेळ चालतो, तो माणूस त्यात बहुधा गर्दी म्हणूनच येतो. जाणणारा एकटा आणि ज्यांचे गेले ते अजाण, अशी ही रचना आहे. एकट्याच्या जाणण्याला हसण्यावाचून दुसरा शेवट उरत नाही. हा साधूंचा दोष नव्हे. त्यांनी सत्तेचे वर्तुळ आतून दाखवायचे ठरवले होते आणि ते चोख दाखवले. दोष असलाच तर आम्हा वाचकांचा, कारण त्या हसण्यालाच आम्ही शहाणपण समजत आलो.

ही शंका मला नीट शब्दांत मांडता आली ती 'द आरटीआय स्टोरी: पॉवर टू द पीपल' (2018) हे इंग्रजी पुस्तक वाचल्यावर. प्रशासकीय सेवा सोडून राजस्थानातल्या देवडूंगरी या खेड्यात 1987 मध्ये राहायला गेलेल्या अरुणा रॉय यांनी मजदूर किसान शक्ती संघटनेच्या सहकाऱ्यांसह ते सिद्ध केले आहे. ही संघटना 1 मे 1990 रोजी स्थापन झाली. सरकारी दुष्काळी कामांवर किमान मजुरी का मिळत नाही, हा तिचा पहिला प्रश्न. उत्तर ठरलेले असे: कागदावर तुमचे काम कमी भरते. मग तो कागद दाखवा, असे मजुरांनी म्हटले. कागद गुप्त आहे, असे उत्तर आले. माहितीच्या अधिकाराची सारी कथा या तीन वाक्यांत आहे.

2 डिसेंबर 1994 रोजी कोट किराणा या गावी पहिली जनसुनावणी झाली. साहित्याचा शिक्षक म्हणून मला तिचे अप्रूप वाटते ते तिच्या रूपासाठी. भाषण नाही, आरोप नाही. मिळालेला हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचायचा, एवढेच. नाव वाचले जाते आणि त्या नावाचा माणूस उठून सांगतो की मी त्या कामावर गेलोच नव्हतो. अशा सुनावण्यांत लोक हसतातही. पण ते हसू दिगूच्या हसण्याहून निराळे. ते अनेकांचे असते आणि त्याच्या मागोमाग प्रश्न येतो. संघटनेचे शंकर सिंह लोकनाट्य आणि बाहुल्यांच्या खेळातून घोटाळ्यांची टर उडवत, त्याचेही इंगित हेच असावे.

1996 च्या एप्रिलमध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचे धरणे झाले. गोव्याने 1997 मध्ये आणि कर्नाटकाने 2000 मध्ये आपापले कायदे केले. देशाचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून अमलात आला. 2011 चे लोकपाल आंदोलन याच्याशेजारी ठेवून पाहावे. तेव्हा गर्दी अफाट होती, पण तिच्या हाती हजेरीपट नव्हता. कायदा 2013 च्या डिसेंबरात संसदेत संमत झाला आणि पहिले लोकपाल नेमायला 2019 चा मार्च उजाडला.

पुस्तकात उणिवा आहेत. अनेकांचे आवाज एकत्र आणण्याच्या सोसापायी निवेदन जागोजाग सैल होते. समोरच्या बाजूची माणसे, म्हणजे ग्रामसेवक, कनिष्ठ अभियंता, सरपंच, फारशी उभी राहत नाहीत. तेथे कादंबरीकार साधू वरचढ आहेत. शिवाय विजयकथेला पुढचा अंधार झेपत नाही. माहिती मागणाऱ्यांचे खून झाले. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींचा 13 जानेवारी 2010 रोजी झाला. 2019 मध्ये माहिती आयुक्तांचा कार्यकाळ ठरवण्याचे अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतले.

आम्हा सीमाभागातल्यांची अडचण तर आणखी वेगळी. या कायद्याखाली अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. म्हणजे आमच्या मराठी माउलीने आपल्या गावच्या रस्त्याचा हिशेब हिंदीतून मागायचा!

आता थोडे स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याची आई माझ्या खोलीत आली. "सर, तांदळाचं रजिस्टर बघायचं होतं." मला राग आला. इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी माझ्यावर संशय घेतला नव्हता. मी रजिस्टर तिच्यापुढे सरकवले आणि "बघा" म्हटले. ते कानडीत होते. ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. दोन पाने उलटून तिने ते मुकाट्याने परत केले, नमस्कार करून गेली. कागद दाखवला होता, कायदा पाळला होता. आणि तरीही मी तो तिच्यापासून लपवला होता.

हे मला पुस्तक वाचताना उमगले. पुढच्या पालकसभेत मी ते रजिस्टर मराठीतून ओळीने वाचून दाखवले. एका तारखेला तीच बाई उठली. "सर, त्या दिवशी गावची जत्रा होती. निम्मी पोरं शाळेत नव्हती." रजिस्टरात हजेरी पूर्ण होती. आदल्या दिवसाचा आकडा तसाच उतरवायची सवय, दुसरे काही नसेल. पण खाली सही माझी होती. सभेत कोणी हसले. मी सर्वांसमोर तो आकडा दुरुस्त करण्याची नोंद घातली.

तेव्हापासून दर महिन्याला वाचन होते. दिगू टिपणीसाचा तो प्रसंग मी अजूनही मुलांना सांगतो. पण त्याच तासाला एक हजेरीपट मोठ्याने वाचायला लावतो. भाषेच्या शिक्षकाला याहून अधिक काय करता येईल?