सांपडलेल्या फिती, न झालेली मोहीम

‘अपोलो १८’ हा २०११ सालचा चित्रपट आपण एका गुप्त मोहिमेच्या सांपडलेल्या फिती पाहत आहों, अशा बतावणीनें सुरू होतो. १९७४ सालीं दोन अमेरिकन अंतराळवीर चंद्रावर उतरतात. तेथें त्यांना रशियन यान व एका अंतराळवीराचें प्रेत आढळतें, आणि पुढें दगडच कोळ्यांसारखे चालूं लागतात. जुन्या फितीचे डाग, मधूनच तुटणारें चित्र, यांचें अनुकरण मात्र वाखाणण्याजोगें आहे.

परंतु वाचकहो, अपोलोचे वीर बहुतेक छायाचित्रणाचे कॅमेरे चंद्रावरच टाकून फिती तेवढ्या परत आणीत. येथें तर कोणीच परतत नाहीं; मग फिती पृथ्वीवर आल्या कशा? जिचा सारा डोलारा पुराव्यावर उभा, त्या कृतीनेंच या प्रश्नाकडे डोळेझांक करावी ना!

खरी हकीकत अधिक चटका लावणारी आहे. अपोलो १८ ही मोहीम १९७० सालीं पैशाअभावीं रद्द झाली. उड्डाणासाठीं घडविलेले अग्निबाणाचे भाग ह्यूस्टन येथें प्रदर्शनाची वस्तु होऊन आडवे पडले. रशियाचें चांद्रयानहि माणसाविना, पृथ्वीच्याच कक्षेंत तपासलें गेलें.

आणि खरोखरीच सांपडलेला कॅमेरा हवा होता, तर तो इतिहासांत होता. अडीच वर्षांपूर्वीं चंद्रावर उतरलेल्या ‘सर्व्हेयर ३’ या निर्मनुष्य यानाचा कॅमेरा अपोलो १२ च्या वीरांनीं नोव्हेंबर १९६९ मध्यें काढून घरीं आणला. तिकडे दिग्दर्शकांची दृष्टि वळली असती, तर कोळ्यांचें कांहीं काम उरलें नसतें.