पुनर्मुद्रण आणि परंपरा : 'पार्थियन'ची वेल्श ग्रंथमाला

वेल्समध्ये इंग्रजीतून लिहिल्या गेलेल्या साहित्याला स्वतःची परंपरा आहे काय, हा प्रश्न सॉन्डर्स लुइस यांनी १९३८ मधील एका व्याख्यानात विचारला. पुढच्याच वर्षी ते व्याख्यान पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. लुइस यांचे उत्तर नकारार्थी होते. इंग्रजीतून लिहिणारे वेल्श लेखक सुटे सुटे आहेत; त्यांच्यामागे स्वतंत्र घडणीची भाषा आणि ती बोलणारा एकसंध समाज नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. या मताचा प्रतिवाद नंतरच्या समीक्षकांनी मुख्यतः आशयसूत्रांच्या आधारे केला. 'अँग्लो-वेल्श' ही संज्ञा मागे पडून 'वेल्समधील इंग्रजी लेखन' ही संज्ञा रूढ झाली, तीही याच प्रतिवादाच्या ओघात. मात्र या चर्चेत वाङ्मयव्यवहाराची एक भौतिक बाजू बहुधा दुर्लक्षित राहिली. ज्या पुस्तकांच्या आधारे परंपरा सिद्ध करायची, ती बव्हंशी लंडनमध्ये छापली गेली होती, लंडनच्या वाचकांसाठी प्रकाशित झाली होती आणि तेथील मागणी संपताच अनुपलब्ध झाली होती. कॅरडॉक एव्हान्स यांचे 'माय पीपल' (१९१५), मार्गियाद एव्हान्स यांची 'कंट्री डान्स' (१९३२), लुइस जोन्स यांची 'कुमार्डी' (१९३७), रेमंड विल्यम्स यांची 'बॉर्डर कंट्री' (१९६०) ही सारी या अर्थाने लंडनची पुस्तके आहेत. परंपरेसाठी केवळ लेखक असून भागत नाही. मागच्याचे पुस्तक पुढच्याच्या हाती पडावे लागते.

हे काम वेल्समध्ये छोट्या प्रकाशनसंस्थांनी केले. १९८१ मध्ये 'पोएट्री वेल्स प्रेस' या नावाने सुरू झालेली 'सेरेन', १९८६ पासून केवळ स्त्रियांचे लेखन प्रकाशित करणारी 'हॉनो' आणि १९९३ मध्ये रिचर्ड लुइस डेव्हिस यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली 'पार्थियन' या त्यांतील प्रमुख होत. 'पार्थियन'चा आरंभ नव्या, बंडखोर कथात्म लेखनाने झाला. रेचल ट्रेझीस यांच्या 'फ्रेश ॲपल्स' या कथासंग्रहाला २००६ मध्ये डिलन टॉमस पुरस्कार मिळाला, तो या धोरणाचाच परिपाक म्हणता येईल. त्याच वर्षी, वेल्सच्या सरकारच्या अर्थसाहाय्याने आणि इतिहासकार डाय स्मिथ यांच्या संपादनाखाली, संस्थेने 'लायब्ररी ऑफ वेल्स' ही पुनर्मुद्रणमाला सुरू केली. नव्या लेखकांवर पैज लावणाऱ्या प्रकाशकाने अभिजात ग्रंथांची यादी ठरवण्याचे काम अंगावर घ्यावे, हे वरवर पाहता विसंगत वाटते. पण यादी ठरवणे हीदेखील समीक्षाच असते, आणि तिची चिकित्सा समीक्षा म्हणूनच व्हायला हवी.

पहिल्या पाच खंडांत विल्यम्स व मार्गियाद एव्हान्स यांच्याबरोबर लुइस जोन्स, ग्विन टॉमस आणि रॉन बेरी होते. हे तिघेही रॉन्डा खोऱ्यातले, आणि संपादकही त्याच खोऱ्यातले. हा योगायोग नव्हे. कोळशाच्या खाणी, संप, चॅपेल आणि मजूर संघटना यांतून घडलेला दक्षिण वेल्स म्हणजेच आधुनिक वेल्स, ही त्यामागची इतिहासदृष्टी आहे. तिचे श्रेय नाकारता येणार नाही. 'सो लाँग, हेक्टर बेब'सारखी, एका मुष्टियोद्ध्याची कहाणी अनेक निवेदकांच्या तोंडून सांगणारी कादंबरी १९७० मध्ये आली आणि विस्मरणात गेली. तिच्यातील बोली ही लुइस यांना अभिप्रेत असलेल्या 'अभावा'ला दिलेले सणसणीत उत्तर आहे. परंतु या दृष्टीची मर्यादाही उघड आहे. ग्रामीण वेल्स, सरहद्दीचा प्रदेश आणि स्त्रियांचे अनुभवविश्व प्रथमतः तिच्या कडेला राहतात. डोरोथी एडवर्ड्स, आर्थर मेकन यांना मालेत पुढे स्थान मिळाले, ही दुरुस्ती स्वागतार्ह खरी; तरी 'हॉनो'च्या अभिजात मालेने ॲमी डिल्विन, ॲलन रेन, मेना गॅली यांची पुस्तके आधीच पुन्हा उपलब्ध करून दिली नसती, तर ही उणीव कितपत जाणवली असती याची शंकाच आहे. 'हॉनो'च्या आवृत्त्यांना अभ्यासकांच्या विस्तृत प्रस्तावना आहेत. 'लायब्ररी ऑफ वेल्स'ची प्रास्ताविके त्या मानाने लहान आणि सामान्य वाचकाला उद्देशून लिहिलेली आहेत. पदव्युत्तर अभ्यासकाला ती अपुरी वाटतील.

मालेचे नावही विचारार्ह आहे. ॲबरिस्टविथ येथील राष्ट्रीय ग्रंथालय दोन्ही भाषांचे ग्रंथ सांभाळते. हे 'ग्रंथालय' मात्र इंग्रजीचे आहे. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण १७.८ टक्के नोंदले गेले, तेव्हा उरलेल्या बहुसंख्यांचा वारसा कोठे आहे, हा प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे. तथापि इंग्रजी लेखनाच्या यादीला संपूर्ण देशाचे नाव देताना दुसऱ्या भाषेचे अस्तित्व पार्श्वभूमीसारखे गृहीत धरले जाते, हेही नजरेआड करता येत नाही.

गंमत अशी की मालेतील दोन उत्कृष्ट ग्रंथच या गृहीताला छेद देतात. विल्यम्स मराठी अभ्यासकांना परिचित आहेत ते संस्कृतिचिकित्सक म्हणून; त्यांची कादंबरी येथे फारशी वाचली जात नाही. 'बॉर्डर कंट्री'चा नायक लंडनमध्ये मॅथ्यू आहे आणि सरहद्दीवरच्या ग्लिनमॉर गावी, रेल्वेच्या सिग्नलवर आयुष्य काढलेल्या वडिलांच्या घरी, विल आहे. वेल्श खाणप्रदेशात झालेल्या स्थलांतराचा आलेख मांडू पाहणाऱ्या या इतिहासाच्या अध्यापकाला स्वतःच्या स्थलांतराचे माप मात्र सापडत नाही. संशोधनाची भाषा आणि घराची भाषा यांतील हे अंतर विल्यम्स यांनी कोठेही भावविवश न होता सांभाळले आहे.

'कंट्री डान्स'चे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तिची लेखिका जन्माने इंग्रज, मूळ नाव पेगी व्हिसलर. वेल्श नाव तिने स्वतः घेतले. कादंबरीची नायिका ॲन गुडमन इंग्रज बाप आणि वेल्श आई यांची मुलगी. एका बाजूला इंग्रज मेंढपाळ, दुसऱ्या बाजूला वेल्श शेतकरी, आणि मध्ये तिची रोजनिशी. या रोजनिशीला आरंभी व शेवटी एका त्रयस्थ निवेदकाची चौकट आहे. हा निवेदक ॲनच्या शोकांतिकेचा अर्थ दोन रक्तांतील झगडा असा लावून मोकळा होतो. प्रत्यक्ष रोजनिशीत मात्र मेंढ्या, लोणी, हवामान, येणीजाणी आणि कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचे याचा रोजचा निर्णय आहे. रक्ताचा सिद्धान्त चौकटीचा आहे, ॲनचा नाही. वंशापेक्षा वर्तनाने ठरणारी ही वेल्शता 'पार्थियन'च्या यादीत रॉन्डाच्या तीन पुस्तकांशेजारी येते, तेव्हा त्या तिघांकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते. रॉन्डातील खाणकामगारही बहुसंख्येने बाहेरून, कित्येक तर इंग्लंडच्या परगण्यांतून, आलेल्यांचीच मुले-नातवंडे होती.