‘वाघ दिसला’ आणि ‘साइटिंग झाली’ : ताडोबाच्या सेवाभाषेविषयी एक टिपण

१९५५ ह्या वर्षी दोन उद्याने अस्तित्वात आली. जुलै महिन्यात कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले आणि त्याच वर्षी चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातील ताडोबाच्या अरण्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. दोहोंचा परस्परांशी संबंध नव्हता. तथापि पाहुण्यांच्या सेवेची जी परिभाषा पहिल्या उद्यानात घडली, तिच्याशी नाते सांगणारी परिभाषा आज दुसऱ्याच्या प्रवेशद्वारांशी ऐकू येते. तिचे परीक्षण करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

डिस्नेलँडमध्ये नोकरास नटसंचातील पात्र म्हणतात, ग्राहकास पाहुणा आणि गणवेशास वेषभूषा. जॉन व्हॅन मानेन ह्यांनी १९९१ मध्ये ह्या व्यवस्थेस ‘हास्याचा कारखाना’ म्हटले. त्यापूर्वी १९८३ मध्ये आर्ली हॉक्शिल्ड ह्यांनी विमानातील सेविकांच्या अभ्यासातून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली होती. दोन्ही विवेचने मोलाची आहेत; परंतु त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी, की जे दाखवावयाचे ते मालकाच्या स्वाधीन असते. ताडोबात मुख्य पात्र कोणाच्याच वेतनपत्रकावर नाही. म्हणून ही विवेचने येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

मोहर्ली किंवा कोलारा येथील मार्गदर्शकांच्या बोलण्यात ‘गेस्ट’, ‘जिप्सी’, ‘कॉल’, ‘पगमार्क’, ‘मेल’, ‘फिमेल’ हे शब्द रुळलेले आहेत. चितळ-सांबराची इशाऱ्याची हाक म्हणजे ‘कॉल’. शब्द परके आहेत एवढ्यावरून त्यांस दोष देण्याचे कारण नाही. प्रत्येक धंद्याची स्वतःची बोली असतेच. आमचा आक्षेप एकाच शब्दापुरता आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘साइटिंग’.

‘मला वाघ दिसला’ ह्या वाक्यात ‘वाघ’ प्रथमेत आहे आणि क्रियापद त्याचे लिंगवचन पाळते: वाघ दिसला, वाघीण दिसली, बछडे दिसले. पाहणारा चतुर्थीत, एका बाजूस उभा आहे. दिसणे न दिसणे त्याच्या हाती नाही, हे मराठीने व्याकरणातच नोंदवून ठेवले आहे. ‘साइटिंग झाली’ ह्या वाक्यात क्रियापद ‘साइटिंग’शी जुळते, वाघ दिसेनासा होतो. पुढे ‘साइटिंग मिळाली’ आणि ‘साइटिंग करून दिली’ हे प्रयोग सहज येतात. आता घेणारा आहे, देणाराही आहे. देणारा ठरला की न देणाऱ्यावर दोष येणे अपरिहार्यच.

येथे कोणी म्हणेल की ‘दर्शन’ हेही नामच आहे. खरे आहे, परंतु ‘वाघोबाने दर्शन दिले’ असे आपण म्हणतो तेव्हा दात्याच्या जागी वाघच असतो. ताडोबा हे नाव ज्या तारूवरून आले असे मानतात, तो गोंड पुरुष वाघाशी झुंजताना मरण पावला आणि तळ्याकाठी देव झाला, ही कथा त्याच भावनेतील आहे. भेद नाम आणि क्रियापद ह्यांतला नसून, दात्याच्या जागी कोणास बसविले ह्यातला आहे. ‘साइटिंग’ने तेथे मार्गदर्शकास बसविले.

ह्याचा परिणाम केवळ शाब्दिक नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे पर्यटकांच्या वाहनांमध्ये कोंडले गेले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. मार्गदर्शक व वाहनचालक ह्यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली. ती अयोग्य होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु वाघ ‘करून देण्याची’ अपेक्षा ज्या भाषेने निर्माण केली, तिच्यावर कारवाई कोण करणार?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे मार्गदर्शक बहुधा बफर क्षेत्रातील गावांचेच रहिवासी असतात. त्यांच्या घरी ‘साइटिंग’ होत नाही; तेथे ‘वाघ आला’ असे म्हणतात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. सकाळी ज्यास पाहुण्यांपुढे उल्हासाने ‘साइटिंग’ म्हणावयाचे, त्याच प्राण्याचे नाव संध्याकाळी गावात दबक्या आवाजात घ्यावयाचे, हे भावनिक श्रम हॉक्शिल्ड ह्यांच्या सेविकांहून निराळे आहेत. तेथे खोटे हसू आणावे लागते. येथे खरे भय गिळावे लागते.

शब्द नव्हता म्हणून परका घ्यावा लागला, ही सबब टिकणारी नाही. २०२५ मध्ये दिवंगत झालेल्या मारुती चितमपल्ली ह्यांनी वनवासी लोकांच्या तोंडून अरण्याचा केवढा शब्दसंग्रह मराठीत आणला, हे सर्वश्रुत आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीबोलीत आणि गोंडीत असे धन अद्याप पुष्कळ आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रवेशद्वारावरची भाषा आणि गावातली भाषा एकाच व्यक्तीच्या तोंडून नोंदविली, तर तो अभ्यास नुसत्या शब्दयादीहून अधिक मोलाचा ठरेल.

मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणात पाहुण्यांशी नम्रतेने बोलण्याचा पाठ असावाच. त्या पाठाचे पहिले वाक्य ‘दिसला तर दिसेल’ हे असावे, एवढीच आमची सूचना आहे. ते उद्धट नाही. ते सत्य आहे, आणि वाघ, पाहुणा व मार्गदर्शक ह्या तिघांनाही ते आपापल्या जागी ठेवते.