तासाभराचं वचन

‘एफ फॉर फेक’ (१९७३) आम्ही चौघांनी नागपुरात माझ्या खोलीवर पाहिला. सुरुवातीलाच ऑर्सन वेल्स वचन देतो, पुढचा तासभर सांगेन ते खरंच असेल. तास कधी उलटला ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. शेवटची पिकासोची गोष्ट थाप निघाली तेव्हा एक मित्र खरोखर चिडला: ‘मग आधीचं तरी कशावरून खरं?’ मला मात्र ती थाप रास्त वाटली. घड्याळाकडे बघायचं काम आपलं होतं. (दिवसभर कोडमधल्या चुका शोधणारा मीही फसलोच.)

तरी मित्राचा राग झटकता येत नाही. एल्मिर द होरीच्या नकली मातिसवर वेल्सबरोबर हसणं सोपं आहे. पण आपल्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले रझा २००९ साली, वयाच्या ८६व्या वर्षी, दिल्लीत स्वतःच्याच प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेले आणि भिंतीवरची बरीच चित्रं आपली नाहीतच हे त्यांना तिथे कळलं. वेल्स तज्ज्ञांची फजिती चवीनं दाखवतो. ज्याची शैली चोरीला गेली त्या चित्रकाराचा संताप मात्र दिसतो तो फक्त त्या पिकासोच्या थापेत.