रांगेचा फायदा कोणाला?

रॉकेल, दूध आणि एसटी अशा तिन्ही रांगांत मी इतका उभा राहिलो आहे, की या विषयात मला कुणी डॉक्टरेट द्यायला हरकत नसावी. पण २२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी आमच्या कन्येने मला ज्या रांगेत बसवले, तिच्यापुढे मी अगदीच शिकाऊ उमेदवार ठरलो. होय, बसवले! घरच्याच खुर्चीत, हातात मोबाइल देऊन. कोल्डप्ले नावाची इंग्रज गवयांची मंडळी जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर गाणार होती. पहिल्या पगारातले पाच हजार कन्येने त्यासाठी बाजूला ठेवले होते.

"बाबा, बारा वाजले की दाबा!"

दाबले. माझा नंबर निघाला सात लाखांच्या पुढचा! एसटीच्या रांगेत पुढच्याची पिशवी तरी दिसते. इथे सात लाखांतल्या एकाचीही पाठ दिसेना.

तिकिटे २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत. ती हां हां म्हणता संपली आणि दुसऱ्या दुकानांत लाखाच्या भावाने उगवली. रांगेत आम्ही, तिकीट भलत्याच्याच खिशात! पूर्वीचा 'दस का बीस'वाला निदान पोलीस दिसला की पळायचा. त्याच्या धंद्यात थोडी लाज शिल्लक होती.

आयोजकाचे दुखणे मला कळते. बिदागी आधी मोजायची, मैदान, रोषणाई सगळे अंगावर. दर चढे असले तर असोत. पण २०२४ च्याच दिलजीत दोसांझच्या दौऱ्यात एका बँकेच्या कार्डवाल्यांना आधी खिडकी उघडली. म्हणजे श्रोत्याचा कान नव्हे, पत पाहायची! कोल्डप्लेने २,००० रुपयांची थोडी तिकिटे मागाहून काढली, हे खरे, पण थोडीच.

रेल्वेच्या तिकिटांचा चोरटा धंदा केला तर १९८९ च्या कायद्याने तुरुंग आहे. मग गाण्याच्या तिकिटावरही नाव छापा, आणि नको असेल तर छापील दरानेच परत घ्या. एवढे जमले तर पाच हजारवाल्यांनाही गाणे ऐकता येईल.

शेवटी २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम आम्ही घरीच पडद्यावर पाहिला. तिकडे मैदान फुलले होते. इकडे कन्या गप्पच होती. मी पाणी प्यायला उठलो, तेव्हा म्हणाली,

"या बाबा, जागा धरून ठेवते."