चेन कोण उघडते?

डीएनएची प्रत कशी तयार होते हे सांगताना बहुतेक पुस्तकांत एकच चित्र आढळते. दोन पेडांचा पीळ वरच्या टोकाकडून उसवत जातो, मध्ये इंग्रजी वाय अक्षरासारखा फाटा होतो, आणि सुट्या झालेल्या प्रत्येक पेडासमोर नवा पेड जुळतो. खाली एखादे वाक्य असते: पिशवीची चेन उघडावी तसा डीएनए उघडतो आणि स्वतःची प्रत काढतो. हे चित्र आम्ही विद्यार्थिदशेत पाहिले, पुढे फळ्यावर अनेकदा काढलेही. त्याच्याविरुद्ध तक्रार मांडायची असल्यामुळे आमचा वाटा आधीच कबूल केलेला बरा.

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात हे चित्र काढून आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळलो होतो. मागच्या बाकावरून एका बाईंनी विचारले, "सर, चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला वेळ किती लागतो?" आम्ही आकडे सांगितले. माणसाच्या पहिल्या गुणसूत्रात सुमारे २५ कोटी जोड्या; मानवी पेशीत फाटा सेकंदाला फार तर ५० जोड्यांच्या आसपास सरकतो. बाईंनी वहीत भागाकार केला: ५० लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ ५८ दिवस. "आणि पेशी हे काम आठ तासांत उरकते असे आपण आत्ताच म्हणालात." वर्गात हशा झाला. तो बाईंवर नव्हता.

भागाकार बरोबर होता. चूक चित्रात होती. आपल्या गुणसूत्रात चेन टोकापासून उघडतच नाही. ती मध्येच, असंख्य ठिकाणी उघडते. एका पेशीत सर्व गुणसूत्रे मिळून अशा हजारो जागा वापरल्या जातात. प्रत्येक जागी एक फुगा तयार होतो, त्याची दोन्ही टोके विरुद्ध दिशांना सरकतात आणि शेजारच्या फुग्याला जाऊन मिळतात.

चित्राचे श्रेय मात्र त्याला दिलेच पाहिजे. जुना एक पेड आणि नवा एक पेड मिळून नवी जोडी होते, ही गोष्ट ते एका नजरेत सांगते. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली सुचवलेली ही कल्पना मेसेलसन आणि स्टाल यांनी १९५८ साली जड नायट्रोजन वापरून सिद्ध केली. तो प्रयोग पुस्तकांत असतो आणि असावाच. पण बहुतेक पुस्तकांतली गोष्ट तिथेच थांबते. ओकाझाकींचे तुकडे (१९६८) आले तर एका ओळीत येतात, आणि पाठ संपतो.

दुसरी तक्रार "स्वतःची" या शब्दाबद्दल आहे. शुद्ध डीएनए बाटलीत घालून वर्षभर ठेवला तरी त्याची प्रत निघत नाही. पीळ सोडवणारी, पेड सुटे धरून ठेवणारी, नवा पेड जुळवणारी, चुकलेले अक्षर काढून टाकणारी अशी कितीतरी प्रथिने लागतात. प्रत पेशी काढते. डीएनए हा मजकूर आहे, छापखाना नव्हे. हा शब्दाचा कीस वाटेल. पण "स्वतःची" म्हटले की पुढचा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उभाच राहत नाही: ही प्रत केव्हा काढायची आणि पुन्हा काढायची नाही, हे कोण ठरवते? आमची खरी तक्रार हीच आहे. नक्कल कशी होते हे आपण शिकवतो. तिच्यावरचे नियंत्रण पाठातून गळून पडते.

हा प्रश्न साध्या जिवाणूतही किती गमतीचा आहे पाहा. ई. कोलाय या जिवाणूचे गुणसूत्र वर्तुळाकार, सुमारे ४६ लाख जोड्यांचे. एकाच ठरावीक जागेपासून दोन फाटे निघतात आणि सेकंदाला सुमारे हजार जोड्या या वेगाने पलीकडे भेटतात. हिशेब केला तर ३८ मिनिटे होतात. परंतु चांगले खाद्य मिळाले की हा जिवाणू २० मिनिटांत विभागतो! कूपर आणि हेल्मस्टेटर यांनी १९६८ साली याचा उलगडा केला. पहिली प्रत पुरी होण्याआधीच जिवाणू पुढची प्रत सुरू करतो. जन्मणाऱ्या पेशीला मिळते ते गुणसूत्र अर्धेमुर्धे नकललेले असते; म्हणजे लेकीच्या जन्माआधीच नातवाचे दुपटे शिवायला घ्यावे, तसे. फाटे त्याच वेगाने पळतात. बदलते ते आरंभाचे वेळापत्रक.

आरंभ डीएनएए नावाचे प्रथिन घडवते. ते पुरेसे जमले की आरंभाची जागा उकलते. लगेच पुन्हा उकलू नये म्हणून तर त्याहून सुंदर सोय आहे. जुन्या पेडावर ठिकठिकाणी मेथिल गटाच्या खुणा असतात. नव्या पेडावर त्या उमटायला थोडा वेळ लागतो. एक पेड खुणेचा आणि एक कोरा, अशी स्थिती असेपर्यंत सेकए हे प्रथिन ती जागा झाकून बसते. प्रत नुकतीच निघाली आहे, हे पेशीला अशा रीतीने कळते.

आपल्या पेशींचे काय? इथे आम्हाला एक जुना प्रयोग फार आवडतो, आणि पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच दिसतो. १९७० साली मूळचे भारतीय असलेले पोटु राव आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट जॉन्सन यांनी मानवी पेशी एकमेकींत विलीन केल्या, म्हणजे एका पेशीत दोन केंद्रके. प्रत काढत असलेली पेशी आणि अजून सुरुवात न केलेली पेशी एकत्र केल्या, तर दुसरीच्या केंद्रकाने वेळेआधीच काम सुरू केले. आता प्रत काढत असलेल्या पेशीची जोडी प्रत काढून झालेल्या पेशीशी लावली. हुकूम तोच, पेशीद्रव तोच. पण काम झालेले केंद्रक हलले नाही. म्हणजे "सुरू करा" हा संदेश पेशीद्रवात फिरत असतो, आणि "माझे झाले आहे" ही नोंद ज्या त्या केंद्रकापाशी असते. असा स्वच्छ युक्तिवाद नववी-दहावीच्या मुलांना पेलतो. आधी प्रयोग सांगून निकाल त्यांनाच ओळखायला लावावा.

ही नोंद कसली? ब्लो आणि लास्की यांनी १९८८ साली बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात प्रयोग करून परवान्याची कल्पना मांडली. विभाजनाच्या वेळी डीएनएला परवाना मिळतो, प्रत काढताना तो खर्च होतो, आणि केंद्रकाचे आवरण नवा परवाना आत येऊ देत नाही. यातला आवरणाचा तपशील पुढे जसाच्या तसा टिकला नाही. एमसीएम ही परवान्याची प्रथिने मानवी पेशीत केंद्रकातच असतात. पण गाभा टिकला. आरंभाच्या जागांवर ही प्रथिने चढवण्याचा काळ आणि त्या उघडण्याचा काळ पेशीने वेगळे ठेवले आहेत. जत्रेतल्या पाळण्याची तिकीटखिडकी बंद झाल्याशिवाय फाटक उघडू नये आणि फाटक उघडे असताना खिडकी उघडू नये, असा हा बंदोबस्त. मग एकाच फेरीत दोनदा बसणार कोण? बंदोबस्त ढळला तर गुणसूत्राचे काही भाग दोनदा नकलले जातात, फाटे एकमेकांवर आदळतात, डीएनए तुटतो. कर्करोगाच्या संशोधनात या बिघाडाकडे बारकाईने पाहिले जाते, ते यासाठी.

नियम मोडणारे उदाहरण तर पुष्कळ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेतच असते. फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीतली जाडजूड पट्टेदार गुणसूत्रे आपण सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतो, पट्टे मोजायला लावतो. ती जाड का? तिथे पेशी न विभागता दहाएक वेळा प्रत काढते आणि हजारभर धागे शेजारी शेजारी राहतात. पण एका प्रतीनंतर दुसरी काढताना मध्ये परवाना नव्याने द्यावाच लागतो. स्लाइड दाखवतानाच हा प्रश्न मुलांपुढे टाकता येईल.

चित्र नव्याने काढायचे झाले तर आम्ही टोकाकडची चेन पुसून टाकू. एक लांब धागा काढावा, त्यावर लहानमोठे फुगे. मोठे आधी उघडलेले, लहान नंतर. काही जागी परवान्याची खूण असावी, पण फुगा नसावा. पेशीत अशा राखीव जागा खरोखरच असतात. शेजारून येणारा फाटा वाटेत अडकला, की त्यांतली एखादी उघडते आणि राहिलेला तुकडा पुरा करते.