धनकोंचे लक्ष वेधण्याकरिता

मराठी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, 'नावात बदल' आणि 'मूळ शेअर सर्टिफिकेट गहाळ' यांच्या शेजारी, अधूनमधून एक चौकट येते. वर ठळक अक्षरांत 'नमुना अ', खाली 'जाहीर उद्घोषणा', त्याखाली कंसात २०१६ च्या एका विनियमाचं नाव, जे एका दमात वाचून होत नाही. मग एक सुटी ओळ: अमुक अमुक लिमिटेडच्या धनकोंचे लक्ष वेधण्याकरिता. मग चौदा नोंदींचा तक्ता, एक परिच्छेद, नाव, सही, दिनांक, ठिकाण. एवढंच.

कंपनी कर्ज फेडू शकली नाही, प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे गेलं आणि तिथे अर्ज दाखल करून घेतला गेला, की ही चौकट छापावी लागते. आपण तिच्यावरून नजर फिरवून शब्दकोड्याकडे जातो. मीही जायचो. मला ती वाचायला लावली भोसरीत पुठ्ठ्याचे खोके करणाऱ्या एका मित्राने. एका कंपनीकडे त्याची तीन बिलं अडकली होती. सलूनमध्ये नंबर लागायची वाट बघताना त्याला ही चौकट दिसली. कंपनीचं नाव ओळखीचं म्हणून त्याने पान मागून घेतलं आणि संध्याकाळी माझ्यापुढे टाकलं. त्याचा पहिला प्रश्न होता, "हे धनको म्हणजे कोण रे?"

"तू," मी म्हटलं.

"मी कुठला धनको? माझंच येणं बाकी आहे."

या मजकुराची सगळी गंमत, आणि सगळी अडचण, त्या दोन वाक्यांत आहे. धनको आणि ऋणको ही जोडी पाठ्यपुस्तकातली. बाजारात माणूस म्हणतो, माझं येणं आहे, उधारी थकलीय, फार तर मी घेणेकरी आहे. धनको म्हटलं की डोळ्यांसमोर तिजोरीवर बसलेला माणूस येतो. ज्याचा चार महिन्यांचा पगार राहिलाय त्या लोडरला तर आपण कुणाचे 'धनको' आहोत हे स्वप्नातही सुचणार नाही. नोटीस ज्याला हाक मारते तो त्या नावाने स्वतःला ओळखतच नाही. तरीही ही ओळ मला आवडते. 'लक्ष वेधण्याकरिता' असं लिहिणाऱ्याला ठाऊक आहे की समोरच्याचं लक्ष नाही. सरकारी मजकुरात इतका प्रामाणिकपणा सहसा आढळत नाही.

आता तक्ता. उदाहरण म्हणून जेट एअरवेज या विमानकंपनीचं प्रकरण समोर ठेवतो. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईकडे निघालेलं तिचं विमान शेवटचं ठरलं. २० जून २०१९ रोजी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने स्टेट बँकेचा अर्ज दाखल करून घेतला.

पहिल्या पाच नोंदी म्हणजे कंपनीची कुंडली. नाव, स्थापनेची तारीख, कोणत्या प्राधिकरणाकडे नोंद झाली ते, ओळख क्रमांक, नोंदणीकृत पत्ता. ओळख क्रमांक एकवीस अक्षरांचा असतो आणि तो फोडून वाचण्यात मौज आहे. पहिलं अक्षर सांगतं कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही, मधली दोन अक्षरं राज्य सांगतात, त्यापुढचे चार आकडे जन्मवर्ष. जेटच्या क्रमांकात महाराष्ट्राचं 'एमएच' आहे आणि त्याला लागूनच १९९२. एखाद्या घरात वर्दी द्यायला आलेला माणूस आधी विचारतो ना, हे अमुक यांचंच घर ना? तसं हे आधी खात्री करून घेणं आहे. मिळत्याजुळत्या नावांच्या कंपन्या आपल्याकडे कमी नाहीत. घेणेकऱ्याने भलत्याच चौकटीपुढे रडू नये, एवढी काळजी पहिल्या पाच ओळी घेतात.

सहावी आणि सातवी ओळ एकत्रच वाचायला हवी. सहावीत प्रक्रिया सुरू झाल्याची तारीख, सातवीत ती संपण्याची 'अंदाजित' तारीख, म्हणजे नादारी आणि दिवाळखोरी संहितेप्रमाणे १८० वा दिवस. जेटच्या बाबतीत ही मोजणी डिसेंबर २०१९ च्या मध्यावर येते. प्रत्यक्षात पुनरुज्जीवनाची योजना मंजूर व्हायला जून २०२१ उजाडला, ती योजना अमलात आलीच नाही, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. साडेपाच वर्षं होत आली होती. 'अंदाजित' हा शब्द एखाद्या कसलेल्या विनोदी लेखकाने इतका गंभीर चेहरा ठेवून लिहिला नसता.

आठवी, नववी आणि दहावी ओळ एका माणसाची. संचालक मंडळ बाजूला झालं, त्याच्या जागी जो कारभार बघायला आला त्याचं नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता. पत्ते दोन. नववीत भारतीय नादारी आणि दिवाळखोरी मंडळाकडे नोंदलेला, दहावीत पत्रव्यवहाराचा. पहिल्यांदा मला हा कारकुनी घोळ वाटला. पण खालच्या परिच्छेदात मजकूर आपल्याच तक्त्याकडे बोट दाखवतो आणि दावे नोंद क्रमांक १० समोरच्या पत्त्यावर पाठवा असं बजावतो. एक पत्ता माणसाचा, दुसरा त्याच्या या कामाचा. फरक बारीक आहे, पण कागद नवव्या ओळीच्या पत्त्यावर गेला तर घेणेकऱ्याला तो फरक चांगलाच कळतो.

या माणसाच्या पदनामाबद्दल मात्र मराठीवर राग काढायला हवा. काही नोटिशींत त्याला 'अंतरिम ठराव व्यावसायिक' म्हणतात आणि प्रक्रियेला 'नादारी ठराव प्रक्रिया'. इंग्रजी रेझोल्यूशनचा एक अर्थ ठराव, हे खरं. पण तो ग्रामसभेतला, हात वर करून मंजूर होणारा. इथे अभिप्रेत आहे तोडगा. काही नोटिशी 'निराकरण' लिहितात, ते निदान अर्थाच्या जवळ जातं. बाकीच्या सरळ 'इंटरिम रिझोल्यूशन प्रोफेशनल' देवनागरीत उतरवून मोकळ्या होतात. माझ्या मित्राने 'ठराव व्यावसायिक' वाचून विचारलं, हा सोसायट्यांचे ठराव लिहून देतो का?

'नादारी' हा शब्द आला ते बरं झालं. 'दिवाळखोरी'त हेटाळणी आहे, नादारीत नाही. जुन्या पिढीला फीमाफीसाठी शाळेत मिळणारी नादारी आठवेल. ऐपत नाही, एवढंच तो शब्द सांगतो. दिवाळ्याच्या मागे मात्र एक गोष्ट सांगतात: पेढी बुडाली की सावकार भरदिवसा दुकानात दिवा लावून बसायचा, त्यावरून दिवाळं. व्युत्पत्ती खरी की रचलेली ते अभ्यासकांनी ठरवावं. मला त्या गोष्टीतली दृश्यता हवी आहे. उन्हात जळणारा दिवा म्हणजे घेणेकऱ्यांना दिलेली नोटीसच. तो वाचायला अक्षरओळखही लागत नव्हती. त्या पेठेतून जाणाऱ्यालाच तो दिसायचा, ही त्याची मर्यादा. जेटचे घेणेकरी कुठल्या एका पेठेत मावणार? नेदरलँड्सच्या एका न्यायालयाने मे २०१९ मध्येच, घेणेकऱ्यांच्या अर्जावरून, तिला दिवाळखोर ठरवलं होतं. आपला नियम म्हणतो, एक इंग्रजी आणि एक प्रादेशिक भाषेतलं वर्तमानपत्र, नोंदणीकृत कार्यालयाच्या ठिकाणी आणि जिथे मोठा व्यवसाय चालतो असं त्या व्यावसायिकाला वाटेल तिथे; शिवाय कंपनीचं आणि मंडळाने नेमून दिलेलं संकेतस्थळ. दवंडी पिटणाऱ्याने कोणत्या आळीत जायचं हे थोडंफार त्याच्यावरच सोडलं आहे.

अकरावी ओळ सगळ्यात आखूड आणि सगळ्यात जड: दावा दाखल करण्याची शेवटची तारीख. त्या व्यावसायिकाच्या नेमणुकीपासून चौदा दिवस. जेटसाठी ४ जुलै २०१९. नोटीस काढायला नियम तीन दिवसांची मुदत देतो, म्हणजे वाचकाच्या हातात उरतात अकरा. त्या अकरा दिवसांत चौकट दिसायला हवी, ती आपल्यासाठी आहे हे कळायला हवं, जुनी चलनं काढायला हवीत. ही तारीख नुसती शोभेची नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात सांगितलं, की योजना मंजूर झाली आणि तुमचा दावा तिच्यात नसेल तर तो दावा संपला. नवा मालक जुनी भुतं अंगावर घेणार नाही. न्यायालयाचा तर्क मला पटतो. मागचं देणं किती हे माहीत नसेल तर बुडती कंपनी विकत घेणार कोण? पण मग त्या एका ओळीत माणसाचं येणं जगतं किंवा मरतं, आणि ती ओळ छापली जाते डोळे बारीक करून वाचाव्या लागणाऱ्या टायपात.

बाराव्या आणि तेराव्या ओळीत बहुतेक वेळा 'लागू नाही' असतं. बिल्डरची कंपनी असली की याच ओळी बोलू लागतात. २०१८ पासून घर बुक करणारे लोक कायद्याने वित्तीय धनको झाले, बँकांच्या रांगेतले. त्यांच्यासाठी इथे तीन व्यावसायिकांची नावं असतात. त्यातला आपला प्रतिनिधी निवडायचा आणि 'सीए' नमुन्यात कळवायचा. चौदाव्या ओळीत नमुने कुठे मिळतील ते: बँकेला सी, माल किंवा सेवा पुरवणाऱ्याला बी, कामगाराला डी, आणि कशातच न बसणाऱ्याला एफ. कुठेच न बसणाऱ्यासाठीही एक अक्षर राखून ठेवणारा मसुदाकार मला मनापासून आवडला.

तक्त्याखालचा परिच्छेद सगळा कर्मणी प्रयोगात आहे. सूचना देण्यात येते, आवाहन करण्यात येते. कोण देतं, कोण करतं, याचा पत्ता नाही. आणि मग अगदी खाली एका हाडामांसाच्या माणसाचं नाव येतं. न्यायाधिकरण, संहिता, मंडळ ही सगळी इमारत शेवटी एका सहीवर उभी आहे हे दाखवायला याहून चांगली रचना सुचणार नाही.

त्याच परिच्छेदात, पटकन निसटून जाईल असं एक वाक्य आहे. वित्तीय धनकोंनी दावे फक्त इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायचे. बाकीच्यांनी समक्ष, टपालाने किंवा इलेक्ट्रॉनिक, कसेही. कामगाराला हातात कागद घेऊन जायची वाट मोकळी ठेवली आहे. यात माया आहे, असं मी म्हणेन, कायद्याच्या भाषेत तो शब्द नसला तरी. पण तीच माया निवृत्तीची पुंजी फ्लॅटमध्ये घातलेल्या आजोबांना मिळत नाही. ते बँकेच्या बाकावर बसवले गेलेत, म्हणून ई-मेल त्यांना सक्तीचा. मान मिळाला आणि सोय गेली.

या चौकटीत काय नाही, तेही पाहायला हवं. देणं किती, ते नाही. अर्ज कुणी केला, नाही. आता वसुलीचे दावे थांबले, कंपनीवर नव्याने खटला भरता येणार नाही, हे घेणेकऱ्याच्या दृष्टीने मोठं वर्तमान, तेही नाही. शेवटची तारीख चुकली तरी निदान नव्वदाव्या दिवसापर्यंत, उशिराचं कारण देऊन, दावा करता येतो याचाही उल्लेख नाही. शेवटचं वाक्य आहे ते असं: खोटे किंवा दिशाभूल करणारे पुरावे दिल्यास दंड होईल. बोलावणं धाडून झाल्यावर दारात उभं राहून दरडावल्यासारखं. मसुदा माझ्या हातात असता तर नव्वद दिवसांची ओळ मी या दरडावणीच्या आधी घातली असती.

चौकट सगळ्यांपर्यंत पोचत नाही हे पुढे नियम करणाऱ्यांनाही उमगलं असावं. २०२२ मध्ये '६ अ' हा विनियम आला: कंपनीच्या वह्यांत ज्यांची नावं आहेत त्या प्रत्येक धनकोला नोटिशीची प्रत टपालाने किंवा ई-मेलने पाठवा. आणि लगेच परंतुक: जिथे हे शक्य नाही तिथे जाहीर उद्घोषणा हेच कळवणं मानलं जाईल. एका हाताने उघडलेलं दार दुसऱ्या हाताने थोडं लोटून घेतलंय.

मित्राच्या नावाने तसं पत्र निघालं होतं. त्याने दोन वर्षांपूर्वी गाळा बदलला होता, कंपनीच्या वहीत पत्ता जुनाच. सलूनमध्ये त्या दिवशी गर्दी नसती तर त्याला काहीच कळलं नसतं. त्याने चौकट पाहिली तेव्हा शेवटची तारीख उलटून आठवडा झाला होता. आम्ही बसून 'बी' नमुना भरला, बिलं आणि डिलिव्हरी चलनं जोडली, जीएसटीची विवरणपत्रं जोडली, उशिराचं कारण खरं तेच लिहिलं. दावा घेतला गेला. धनकोंच्या यादीत आता त्याचं नाव आहे. पैसे अजून नाहीत. ते कात्रण त्याने टेबलाच्या काचेखाली सरकवलंय, रेटकार्डाच्या शेजारी.

तुमचंही कुणाकडे काही येणं असेल, तर ते पान शब्दकोड्याच्या आधी एकदा बघत जा. चौकट सापडली तर आधी अकरावी ओळ वाचा, आणि कागद दहाव्या ओळीतल्या पत्त्यावर पाठवा. नवव्या नव्हे.